हवा खाणाऱ्या झाडाचं जेवण

वडील उन्हाळ्यात चिखलदऱ्याला थंड हवा खायला जात आणि येताना काहीतरी बिनकामाची वस्तू घेऊन येत. एका वर्षी वेताची काठी आणली, ती वाळवीनं खाल्ली. एका वर्षी मधाची बाटली आणली, ती वाटेतच त्यांच्या काळ्या कोटावर सांडली. पुढे पावसाळाभर तो कोट घालून ते कोर्टात निघाले, की अशिलांच्या आधी मुंग्या जमत. मी मॅट्रिकच्या वर्गात गेले त्या वर्षी त्यांनी झाड आणलं.

झाड म्हणजे काय, तर हातभर सागाच्या ढलपीला सुतळीनं बांधलेली जाडजूड लांबट पानं आणि खाली अधांतरी लोंबणारी पांढुरकी मुळं. कुंडी नाही, माती नाही.

"जंगलखात्याच्या नाकेदारानं काढून दिलं," वडील म्हणाले. "याला माती लागत नाही. हे हवेवर जगतं."

आईनं ती मुळं बोटांनी चाचपून पाहिली, जशी ती बाजारात भेंडी पाही. "हवेवर कोणी जगत नसते," ती म्हणाली. "जगत असतं, तं मी दोनी वक्ताले चूल कशाले फुकली असती?"

वडील सुतळीची गाठ तपासू लागले. ते अकोल्यातले बऱ्यापैकी चालणारे वकील होते, पण त्यांची वकिली ओसरीत सुरू होऊन ओसरीतच संपे. माजघरात आई बोलली की त्यावर अपील नसे. कायद्याचं शिक्षण पुण्याला झाल्यामुळे अशिलांशी आणि आमच्याशीही ते छापील मराठी बोलत. राग आला की मात्र आतलं वऱ्हाडी बाहेर पडे, आणि राग त्यांना दिवसातून बरेचदा येई.

झाड ओसरीतल्या कचेरीच्या खिडकीत टांगलं गेलं. त्याला नाव पडलं हवाखाऊ.

आता माझं सांगते. मला कॉलेजात जायचं होतं. अकोल्यात तेव्हा कॉलेज नव्हतं, ते अमरावतीला. अमरावतीला माझी आत्या होती, तिच्या घरी जागा होती, आणि ती "पाठवा पोरीला" म्हणून निरोपावर निरोप धाडत होती. अडचण एकच, वडील. अमरावती म्हणजे काही विलायत नव्हे. सकाळी गाडीत बसलं, बडनेऱ्याला गाडी बदलली, की जेवायला अमरावतीत. पण वडिलांनी असा चेहरा केला होता, जणू मी काळं पाणी ओलांडायची परवानगी मागते आहे. आईला विचारलं की ती म्हणे, "पाहू." आईचं "पाहू" म्हणजे काय, हे घरात कोणालाच कधी कळलं नाही.

एके दिवशी ओसरी अशिलांनी भरलेली असताना मी तोच विषय काढला. मुद्दामच काढला; लोकांसमोर वडील ओरडत नसत.

"परक्या गावी, दुसऱ्याच्या घरी मुलगी राहिली की तिचं मूळ सुटतं," वडील म्हणाले. "ती जगते कशी, वाढते कशी, कोण बघणार?"

"हे झाड जगेल म्हणता ना तुम्ही, मुळं हवेत ठेवून?" मी वर बोट दाखवलं. "मग मी आत्याकडे का नाही जगणार?"

अशील हसले. वडिलांना अशिलांनी हसलेलं चालत नसे, विशेषतः फी बाकी असलेल्या अशिलांनी. ते तावात म्हणाले, "ठीक आहे. हे झाड पुढच्या जूनपर्यंत जगवून दाखव, वर मॅट्रिक पास हो. मी स्वतः नेऊन सोडतो तुला अमरावतीला."

"साहेब, आमी साक्षीदार हाओत," कोपऱ्यातून आवाज आला.

हा आवाज धुऱ्याच्या पाटलांचा. त्यांचं खरं नाव घरात कोणी घेत नसे. त्यांच्या आणि शेजाऱ्याच्या वावरामध्ये एक धुरा होता, म्हणजे दोन शेतांमधला बांध. तो धुरा वीतभर इकडचा की वीतभर तिकडचा, यावर त्यांचा दावा माझ्या जन्माच्या आधीपासून चालू होता. मधल्या काळात प्रतिवादी मेला, त्याचा मुलगा प्रतिवादी झाला, दोन मुन्सफ बदलून गेले, नागपूरच्या सरकारनं कायदे बदलले, पण धुरा जागचा हलला नाही आणि पाटीलही हलले नाहीत. त्या वीतभर जमिनीत कापसाची चार झाडंही धड उभी राहिली नसती. वडील तडजोडीचं बोलले, की पाटील म्हणत, "हक म्हणजे हक, साहेब. मी सोडणार नाई." असा माणूस साक्षीदार झाल्यावर वडिलांना शर्त मागे घेणं शक्य नव्हतं.

त्या दिवसापासून झाड माझ्या ताब्यात आलं. म्हणजे मला तसं वाटलं. खरं म्हणजे ते सगळ्या घराच्या हाती लागलं. आमच्या घरी उपाशी राहायची सोयच नव्हती. भिकाऱ्याला, मांजरीला, कोर्टाच्या शिपायाला, कोणालाही आई खाऊ घातल्याशिवाय सोडत नसे. तिनं आधी तांदळाचं धुवण मुळांवर ओतलं. झाडानं काही तक्रार केली नाही, म्हणून पेज दिली. सोमवार होता म्हणून चमचाभर दूध दिलं. दोन दिवसांत मुळं चिकट झाली, मुंग्यांची रांग लागली आणि कचेरीत असा वास सुटला, की एका मारवाडी अशिलानं नाकाला उपरणं लावून जबानी दिली. वडिलांनीही आपल्या परीनं हातभार लावला. सकाळचा उरलेला गार चहा ते झाडावर रिकामा करत. "साहेब लोक गुलाबाला घालतात," असं त्यांचं म्हणणं. कोणत्या साहेबानं सांगितलं, हे विचारलं की ते अर्ज वाचायला घेत.

मी सगळं धुऊन काढलं आणि आईशी भांडून त्याचा आहार माझ्या हाती घेतला. तेव्हा मला कळलं, की या झाडाला बोलता येत नसलं तरी ते खोटं बोलत नाही. तहानलं की मुळं चुन्यासारखी पांढरी दिसत, पाणी प्यालं की हिरवी होत. पांढरी दिसली की पाणी, हिरवी असली की हात लावायचा नाही. एवढंच शास्त्र. सकाळी बादलीत मुळं बुडवायची, मग ढलपी उलटी धरून पानांच्या बेचक्यातलं पाणी झटकायचं, कारण तिथे पाणी साचलं की गाभा सडतो. हे मला एक पान गळून पडल्यावर कळलं. आठवड्यातून एकदा खायला शेणाचं पाणी, पण कसं? जुन्या धोतराच्या फडक्यातून दोनदा गाळलेलं, पाहुण्याला टाळायचं असतं तेव्हा करतात त्या चहाइतकं फिकं. घट्ट दिलं की मुळांची टोकं करपत. आईला हे बघवत नसे.

"इतकं पातळ?" ती म्हणे. "सावत्र आई बी याहून दाट वाढते."

माझं सगळं बरं चाललं होतं, पण झाड टांगलं होतं वकिलाच्या कचेरीत, आणि कचेरीत दिवसभर बसलेले असत शेतकरी. आमच्याकडचा शेतकरी एक वेळ पोरगी हुंड्याशिवाय खपेल असं मानेल, पण मातीशिवाय झाड वाढेल हे मानणार नाही. त्याच्या पायाखाली पुरुष-पुरुष खोल काळी माती. त्याला त्या उघड्या, लोंबत्या मुळांकडे पाहवेना. तारखेची वाट पाहत बसलेले लोक वर बघत आणि हळहळत.

"एवढी काळी माती हाय वऱ्हाडात," धुऱ्याचे पाटील म्हणाले, "अन् हे लेकरू उपाशी टांगलं तुमी?"

पुढच्या तारखेला ते धोतराच्या सोग्यात माती बांधून आले आणि मी शाळेत असताना त्यांनी ती भिजवून मुळांभोवती लिंपली. नुसती माती नव्हे. खास त्या धुऱ्यावरची.

"सोन्यावानी माती हाय, साहेब," ते अभिमानानं म्हणाले.

वडील खुर्चीतून ताडकन उठले. "अवो पाटील! दाव्यातली माती हाय ते! तिले कोर्टाचा मनाई हुकूम हाय!" शुद्ध मराठी त्या दिवशी परत आलं नाही.

पाटलांचं बघून बाकीच्यांना चेव आला. बोरगावच्यानं बोरगावची माती आणली, पूर्णाकाठच्यानं पूर्णेची. कोणाची माती जास्त कसदार, यावर ओसरीत वाद रंगले, आणि माझ्या झाडाच्या मुळांवर सगळ्या जिल्ह्यानं आपापला नमुना आणून थापला. काळी माती भिजली की कशी घट्ट धरते, हे ज्याची बैलबंडी पावसाळ्यात रुतली आहे त्याला सांगायला नको. आत मुळांना वारा मिळेना. मी माती खरवडली तेव्हा निम्मी मुळं शिजलेल्या शेवयांसारखी हातात आली. मी सडकी मुळं कातरीनं कापली, झाड धुतलं आणि रडत रडत परत टांगलं. वडिलांनी दारावर पाटी लावली: झाडास माती घालू नये. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनी ती पाहिली नाही, आणि ज्यांना येत होतं त्यांना वाटलं ही दुसऱ्या गावच्या मातीबद्दल आहे. शेवटी आईनं आतून निरोप पाठवला, की जो माती घालेल त्याला चहा मिळणार नाही. त्यानंतर माती बंद झाली.

एवढं मात्र झालं, की या झाडाचं मरण कशात आहे ते सगळ्या घराला पक्कं कळलं.

झाड सावरलं. थंडीत त्यानं नवी मुळं फोडली, टोकाला हिरवा ठिपका असलेली. मी अभ्यास करताना एक डोळा पुस्तकावर आणि एक मुळांवर. मार्चात परीक्षा झाली. मग आमचा तो उन्हाळा आला, ज्यात कावळेसुद्धा चोच उघडी टाकून बसतात. वडिलांच्या कचेरीच्या खिडकीला वाळ्याची ताटी लावलेली असे आणि दिवसभर तिच्यावर पाणी मारत. मी झाड ताटीच्या आतल्या बाजूला टांगलं. ओल्या वाळ्यातून येणारी गार झुळूक आधी झाडाला लागे, मग वडिलांना. आणि मेच्या सुरुवातीला पानांच्या बगलेतून एक दांडा आला, त्यावर कळ्या.

मी नाचायचीच बाकी होते. वडील दांड्याकडे बघून म्हणाले, "फूल येणं म्हणजे जगणं नव्हे. मरायच्या आधीही झाडं फुलतात." त्यांना खटला हरायची चिन्हं दिसू लागली की ते असेच मुद्दे काढत. आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि आत गेली.

त्याच महिन्यात चांदूर रेल्वेला चुलत बहिणीचं लग्न निघालं. मी आणि वडील जाणार होतो. आई गुडघे दुखतात म्हणाली.

"पांढरी दिसली की पाणी, हिरवी असली की नाही," मी तिला शंभरदा बजावलं.

"मी का लहान पोट्टी हाओ का?" ती म्हणाली. "जा तू. मी पाहीन त्याच्याकडे."

लग्न, मांडव-परतणी, मग वडिलांच्या तिथल्या एका अशिलाचं काम, असं करत पंधरवडा गेला. परत आलो त्या दिवशी मी टांग्यातून उतरून आधी खिडकी गाठली. पानं पिवळी पडून लोंबत होती. दांडा काळा पडला होता. मुळांभोवती नारळाची शेंडी नीट गुंडाळलेली, आणि तिच्या आत चोपून भरलेली, भिजवलेली काळी माती. मी ती सोडली, तर आत मूळ नावाची वस्तू उरलीच नव्हती.

धुऱ्याचे पाटील तेव्हा ओसरीत बसलेले होते. त्यांची दुसऱ्या दिवशी तारीख होती. मी जे त्यांच्यावर तुटून पडले, ते आजही आठवलं की कानशिलं गरम होतात. म्हातारा, अडाणी, दुसऱ्याचा धुरा कोरता कोरता माझं आयुष्य कोरलंस, असं काय वाटेल ते बोलले. वडिलांच्या वयाच्या माणसाशी मी अरेतुरेवर आले. पाटील डोकं खाली घालून पागोट्याचा पदर चाळवत राहिले.

"झालं ते झालं," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात सुटका मावत नव्हती. "कोणी मारलं हा प्रश्न गौण आहे. झाड जगवण्याची जबाबदारी तुझी होती. शर्त ती शर्त."

तेवढ्यात आई बाहेर आली. ओसरीत अशील असताना ती उंबरठ्याच्या आतच उभी राही. चहासुद्धा तिथूनच पुढे सरकवी. त्या दिवशी ती उंबरठा ओलांडून थेट वडिलांच्या टेबलापाशी आली.

"माती मी टाकली," ती म्हणाली.

"तू?" वडील म्हणाले. "अगं, पण तुला माहीत होतं ना, मातीनं ते मरतं?"

"माईत होतं म्हणूनच टाकली."

वडील खुर्चीत टेकले.

"हे पोट्टी गेली, तं मी बोलू कोणाशी या घरात?" आई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "तुमच्याशी? तुमी तं दाव्याशी बोलता. तुमी दहा वाजता जेवून कोर्टात जाता. मंग दुपारी आमी दोघी ताट घेऊन बसतो, तेवढंच माहं दिवसभराचं बोलणं. ते बी जाईन. म्हणून टाकली."

मला तिचा राग आला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला माझी आई नकोशी झाली. तिनं ज्या हातांनी मला वाढलं त्याच हातांनी माती चोपली होती, आणि तेही मी शिकवलेल्या शास्त्राप्रमाणे, बरोबर मुळांवर.

धुऱ्याचे पाटील उठले. "साहेब," ते म्हणाले, "मी साक्षीदार हाओ. पोरीनं शर्त मोडली नाई. घरच्यानंच झाड मारलं. आता तुमी तिले पाठवा."

वडिलांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं. त्यांच्या पंचवीस वर्षांच्या वकिलीत पहिल्यांदाच त्यांच्याच ओसरीत, त्यांच्याच अशिलानं त्यांच्याविरुद्ध निकाल दिला होता, आणि अपील करायला जागा नव्हती. ते "पाहू" म्हणाले. पण आई तिथेच उभी होती. "पाहू नाई," ती म्हणाली. "पाठवा."

संध्याकाळी मी चुलीपाशी गेले. ती भाकरी थापत होती. मी तिच्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं, पण एक गोष्ट विचारल्याशिवाय मला चैन पडेना. "कबूल काहून केलं?" मी म्हटलं. "पाटलांवरच गेलं होतं ना सगळं."

"त्यायनं मले पायलं होतं," ती म्हणाली. "तुमी गावाले गेल्याचं त्याईले माईत नव्हतं. आंब्याची पाटी घेऊन आले, अन् मी खिडकीपाशी माती भरून राहिली होती. काई नाई बोलले. पाटी ठेवली अन् गेले." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "आज तू त्याईले इतकं बोलली. वीतभर धुऱ्यासाठी जल्मभर भांडला तो माणूस. त्यानं माह्यासाठी तोंड उघडलं नाई. मंग मले लाज वाटली."

मी दुसऱ्या दिवशी पाटलांच्या पाया पडले. त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "खूप शिक. पण शिकून वकील नको होऊ, बाप्पा."

मी पास झाले. झाड मी पुन्हा धुतलं, कापलं, ताटीमागे टांगलं, पण मूळच नाही म्हटल्यावर पाणी पिणार कोण? निकालाच्या आधीच त्याचं शेवटचं पान गळलं. जुलैत वडील मला घेऊन निघाले. आईनं ट्रंकेत लोणचं, चिवडा, तूप असं इतकं भरलं, की हमालानं शिव्या घातल्या. मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलत होते. राग गेला नव्हता. गाडी सुटली तेव्हाही रडू आलं नाही, उलट सुटल्यासारखं वाटलं.

बडनेऱ्याला गाडी बदलायची होती. फलाटावर ट्रंकेवर बसले होते, समोर कोणीतरी बाई आपल्या मुलीला डब्यातलं वाढत होती. आणि एकदम मनात आलं, की घरी आता ताट वाढलं असेल, एकच. मी तिथेच भर फलाटावर मोठ्यानं रडायला लागले.

वडील गडबडले. आजूबाजूला लोक बघत होते. "काहून रडून राहिली व, माय?" ते म्हणाले, आणि ते रागावलेले नव्हते.

"आई जेवली असेल का?" मी म्हटलं.

ते माझ्याशेजारी ट्रंकेवर टेकले. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "उद्यापासून मी बसत जाईन तिच्यासंगं, दुपारी."

दुपारी ते कोर्टात असत. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.